निरगुडेबाईंचा नऊ नंबरचा टब

प्रा. विजया निरगुडे यांची आणि माझी पहिली भेट अंबडच्या आमच्या कारखान्यात, आग विझवण्यासाठी साठवलेल्या पाण्याच्या तळ्यात झाली. तळ्याच्या काठावर नव्हे, तळ्यातच. म्हणजे बाई तळ्यात होत्या आणि मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत उभा होतो.

झाले असे, की त्या तळ्यात हिरवळ माजली होती आणि पंपाची जाळी दर आठवड्याला तुंबत होती. मी इन्स्पेक्शन खात्यातला माणूस. तळ्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता, पण ज्या कामाला कोणी वाली नाही ते माझ्या, म्हणजे पाळद्यांच्या, गळ्यात टाकावे, अशी आमच्या मॅनेजरसाहेबांची पद्धत होती. “एखाद्या कॉलेजात जा आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारा, काय टाकलं की हे मरेल,” असा हुकूम झाला. मी गेलो. सर नव्हते, बाई होत्या. माझी अडचण ऐकून त्यांनी विचारले, “पानं तरंगतात की पाण्याखाली आहेत?” मी म्हणालो, “हिरवी आहेत.” यावर बाई हसल्या नाहीत, हे मी आजही त्यांच्या मोठेपणात धरतो.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. तळे किती खोल आहे ते विचारले, पदर खोचला आणि सरळ आत उतरल्या. आमचे साहेब पळत आले, सुरक्षारक्षक शिट्टी वाजवू लागला. बाई मात्र कंबरभर पाण्यात उभ्या राहून एकेक काडी उपटून मुळासकट पाहत होत्या. “मारायचं काही नाही. पंपाभोवती चार फुटांवर दुसरी जाळी लावा, बाकीचं राहू द्या,” असा निकाल त्यांनी पाण्यातूनच दिला. मग एका कोपऱ्यात त्यांना काहीतरी दिसले आणि त्यांचा आवाजच बदलला. “अहो, तुमच्याकडे जेवणाचा डबा आहे का? त्यातली भाजी खाऊन घ्या. मला डबा लागणार आहे.” साहेबांच्या देखत, सकाळी साडेदहा वाजता, मी उभ्या उभ्या गवारीची भाजी संपवली. त्या डब्यातून जे रोपटे गेले, ते वायतुऱ्याच्या कुळातले होते.

आठवड्याने मी इंदिरानगरला बाईंच्या घरी डबा परत आणायला गेलो. त्याला आता बावीस वर्षे झाली. डबा अजून त्यांच्याकडेच आहे.

बाईंच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांत बाईंचे विद्यार्थी पुष्कळ असतील, पण माझ्यासारखे इतर वाटेने आलेलेही असतील. त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पावसाळ्यात पठारांवरच्या पाणथळ जागी फुलणाऱ्या वायतुऱ्याचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. पाण्यातून एक देठ वर येतो, त्याला दोन फाटे फुटतात आणि फाट्यांवर बारीक फुले दाटीने बसतात. त्याच्या भाऊबंदांपैकी काहींना दोन फाटे, काहींना एकच तुरा, काही वाहत्या ओढ्यात राहणारे, तर काही चार महिन्यांच्या डबक्यात जगून उरलेले आठ महिने चिखलात कंद होऊन झोपणारे. या एका कुळाची ओळख पटवणे आणि ते जगवणे, हे बाईंनी आयुष्यभराचे काम मानले. कॉलेजात शिकवणे ही नोकरी होती. ती त्यांनी चोख केली, पण जीव होता गच्चीवर.

त्या गच्चीचे वर्णन करायला मला नेहमी अडचण येते, कारण पाहिल्याशिवाय लोकांना ती खरी वाटत नाही. अर्धे कापलेले निळे ड्रम, जुनी सिमेंटची टाकी, फुटलेल्या कूलरचा तळ, पाट्या, घमेली, एक बाळाचा आंघोळीचा टब. प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर आणि बाजूला तारेने अडकवलेले कार्ड. कार्डावर तीन ओळी: कुठून आणले, कधी आणले, ओळखले कोणी. तिसऱ्या ओळीत बऱ्याच ठिकाणी नुसते प्रश्नचिन्ह. एका टबावरचे प्रश्नचिन्ह अकरा वर्षे तसेच होते. मी एकदा चेष्टेने म्हणालो, “बाई, आमच्याकडे माल अकरा वर्षं होल्डवर ठेवला असता तर मला घरी बसवलं असतं.” बाई म्हणाल्या, “म्हणून तर मी तुमच्याकडे नोकरीला नाही.”

माझा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मी मापाचा माणूस. ड्रॉइंग समोर ठेवावे, वस्तू मोजावी, मापात बसली तर पास, नाही तर बाजूला. बाईंकडे जाऊ लागलो तेव्हा खिशात मापे घ्यायचा व्हर्नियर घेऊनच जात असे. एकदा मी दोन वेगवेगळ्या तळ्यांतून दोन रोपे आणली. एकाची पाने वीतभर लांब आणि निरुंद, दुसऱ्याची आखूड, पसरट. मी मोजली, आकडे लिहिले, दोघांची दोन नावे शोधत पुस्तके चाळली आणि छाती फुगवून बाईंसमोर ठेवली. बाईंनी काहीही न बोलता दोन्ही रोपे एकाच टबात, एकाच खोलीवर लावली. महिन्याभरात दोघांची नवी पाने अगदी सारखी आली. एक खोल पाण्यातले होते, एक उथळ पाण्यातले, एवढाच फरक. मी नाराज झालेला पाहून त्या म्हणाल्या, “पाळदे, झाड तुमच्या ड्रॉइंगवरून बनवलेलं नाही. त्याला आधी वेगवेगळं पाणी दाखवायचं, मग त्याचं नाव विचारायचं.” कोणतेही रोप किमान तीन वेगवेगळ्या खोलीच्या पाण्यात आणि किमान एक पूर्ण वर्ष वाढवल्याशिवाय बाई त्यावर सही करत नाहीत. बाहेरगावचे मोठमोठे लोक फोनवर फोटो पाठवून लगेच नाव विचारतात. त्यांना बाईंचे उत्तर ठरलेले असते: “रोप पाठवा आणि वर्षभर थांबा.” काही जण रागावतात. मग वर्षभराने फोन करून आभार मानतात.

बाईंचा कडकपणा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडे त्यांच्या दुसऱ्या बाजूविषयी. डेंग्यूचे दिवस आले की पालिकेचे कर्मचारी घरोघरी साठवलेले पाणी तपासायला येतात. पहिल्यांदा एक कर्मचारी ताई बाईंच्या गच्चीवर आल्या आणि त्यांनी कपाळावर हातच मारला. “मॅडम, हे सगळं ओतावं लागेल.” बाईंनी त्यांना स्टूल दिले, पांढरी वाटी दिली, भिंग दिले. म्हणाल्या, “एक अळी दाखवा, मी स्वतः ओतते.” दोघींनी मिळून तासभर टब तपासले. प्रत्येक टबात गप्पी मासे होते, अळी एकही नव्हती. तेव्हापासून त्या ताई दर पावसाळ्यात इंदिरानगरची फेरी बाईंच्या घरी संपवतात, चहा घेतात आणि पिशवीतून गप्पी मासे घेऊन जातात. मला स्वतःला बाईंनी चाळिशी उलटल्यावर लॅटिन नावे लिहायला शिकवले. कार्डावर माझी स्पेलिंगे पाहून त्यांना त्रास व्हायचा, पण एकदाही चार लोकांत चूक काढली नाही. मी निघालो की त्या कार्ड बदलून ठेवत. मला हे सहा महिन्यांनी कळले.

आता नऊ नंबरच्या टबाविषयी. संपादक मंडळाने मला ‘बाईंच्या सहवासातील हृद्य आठवणी’ लिहायला सांगितले आहे. ही आठवण हृद्य आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. पण ती वगळून बाईंविषयी लिहिले तर मी खोटा ठरेन.

पेठच्या रस्त्याला, एका पाड्याच्या वरच्या कातळावर, पावसाळ्यात साचणारे एक डबके होते. पाड्यावरच्या सोनाबाईंनी ते बाईंना दाखवले होते. त्यात वायतुऱ्याच्या कुळातले एक रोप होते, एकच तुरा असणारे. ते बाईंना माहीत असलेल्या कोणत्याही वर्णनात नीट बसत नव्हते. बाईंनी सोनाबाईंना विचारून पाच कंद आणले आणि नऊ नंबरच्या टबात लावले. कार्डावर प्रश्नचिन्ह. दोन पावसाळे त्यांनी त्याची पाने, फुले, फळे यांची चित्रे काढली. पाचाचे सात कंद झाले. तिसऱ्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि डबके भरावाखाली गेले. या कुळाचे बी वाळवून डबीत ठेवता येत नाही. ताजे पेरले तरच उगवते. म्हणजे आमच्या माहितीप्रमाणे ते रोप आता जगात फक्त एकाच ठिकाणी उरले होते: इंदिरानगरच्या गच्चीवर, एका अर्ध्या ड्रममध्ये, सात कंद. येत्या पावसाळ्यात ते वेगळे करून तीन-चार ठिकाणी द्यायचे, असे बाईंनी ठरवले होते.

त्याच उन्हाळ्यात बाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या अडीच महिने पुण्याला लेकीकडे राहिल्या. गच्चीच्या किल्ल्या माझ्याकडे. जाताना त्यांनी काय कधी करायचे ते सांगितले. त्यात एक वाक्य होते: “गोणपाटाने झाकलेल्या टबांना काही करायचं नाही.” मी मान डोलावली.

झाकलेले टब चार होते. नऊ नंबर त्यातलाच. पहिल्या आठवड्यात मी गोणपाट उचलून पाहिले, तर आत चिखल वाळून भेगा पडलेल्या. गेल्या वर्षभरात बाईंना जिना चढणे जड जात होते, बादल्या उचलवत नव्हत्या, हे मी पाहिले होते. माझ्या डोक्याने हिशेब केला: पाणी वाहून नेता येत नाही, म्हणून बाईंनी हे टब नाइलाजाने कोरडे टाकले आहेत आणि स्वाभिमानापायी तसे बोलून दाखवत नाहीत. पाण्यातल्या वनस्पतीला पाणी नको, हे माझ्या मनाला पटणेच शक्य नव्हते. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यांत मी गच्चीवर फारसा जात नसे. आमच्याकडे मार्च ते मे कामाची झुंबड असते, आणि बाईही त्या दिवसांत कोणाला बोलावत नाहीत.

मग मी एक काम केले, ज्याचा मला तेव्हा भयंकर अभिमान वाटत होता. कारखान्यातल्या मित्रांकडून तुकडे गोळा करून मी गच्चीभर पाइप फिरवला आणि प्रत्येक टबाला एक छोटा फ्लोट बसवला. टाकीतून पाणी यायचे, ठरावीक पातळीला फ्लोट उचलला जायचा, पाणी बंद. सगळ्या टबांत पातळी एकसारखी. मी स्वतः पट्टी लावून तपासली, दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता. बाईंना आता कधीच बादली उचलावी लागणार नाही, या विचाराने मला रात्री सुखाची झोप लागत होती. गोणपाट मी धुऊन, घडी घालून कठड्यावर ठेवले.

बाई दर रविवारी फोन करत. “झाकलेले टब तसेच आहेत ना?” मी म्हणायचो, “एकदम व्यवस्थित. तुम्ही या, बघालच.” मला त्यांना चकित करायचे होते. हे वाक्य मी आठ-दहा वेळा बोललो असेन, आणि प्रत्येक वेळी नऊ नंबरच्या टबात काय चालले होते ते आठवले की अजूनही माझी मान खाली जाते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई परतल्या. काठी घेऊन, एकेक पायरी करत गच्चीवर आल्या. पाइप पाहून थबकल्या. “हे तुम्ही केलंत?” त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एक फ्लोट बोटाने दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. मग त्यांची नजर कठड्यावरच्या गोणपाटांवर गेली.

त्या नऊ नंबरपाशी गेल्या. स्टूल ओढून बसल्या, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत चिखलात घातला. वर आला तो तपकिरी, लिबलिबीत गोळा. बोटाने दाबताच त्याचे पाणी झाले, आणि वास आला. त्यांनी पुन्हा हात घातला. असे सात वेळा. मी मोजत होतो. मोजण्याची सवय अशा वेळीही सुटत नाही. सातवा काढून झाल्यावर त्यांनी शेजारच्या टबात हात धुतला आणि म्हणाल्या, “चहा ठेवा, पाळदे.”

मी चहा ठेवला. वर न्यायचे धाडस होईपर्यंत दोन्ही कप निवले. मी वर आलो तेव्हा बाई तिथेच बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता, वर्गात सांगावे तशा शांत आवाजात त्यांनी मला सांगितले की डबक्यातले हे रोप उन्हाळ्यात झोपते, झोपेत त्याला कोरडा चिखल लागतो, आणि तापलेल्या पाण्यात झोपलेला कंद कुजतो. “ओढ्यातल्यांचं तसं नाही, त्यांना बारा महिने पाणी. तुमच्या पाइपने ते छान झालेत.” मग म्हणाल्या, “मी तुम्हाला ‘काही करायचं नाही’ एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पस्तीस वर्षं शिकवून हे मला कळायला हवं होतं.”

त्यांनी नोंदवही मागवली आणि लिहिले: ‘टब ९. उन्हाळ्यात पाणी राहिल्याने सातही कंद कुजले. देखभाल करणाऱ्यास कोरडे ठेवण्याचे कारण सांगितले नव्हते.’ खाली स्वतःची सही. मी म्हणालो, “बाई, माझं नाव लिहा.” त्या म्हणाल्या, “पुढच्या माणसाला काय चुकलं ते कळलं पाहिजे. नावाचा त्याला काय उपयोग?” मी त्या दिवशी सातपूरच्या घरी गेलो आणि बायकोसमोर रडलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हजारो वस्तू मी नापास केल्या, पण हातातली गोष्ट अशी कायमची संपवण्याची वेळ कधी आली नव्हती.

त्यानंतर मी जाणे बंद केले. किल्ल्या बायकोच्या हाती पाठवून दिल्या. तीन आठवडे गेले. मग बाईंचा फोन आला. “रविवारी पेठला जायचंय. गाडी तुम्ही चालवायची, माझा गुडघा वाकत नाही.” मी म्हणालो, “बाई, तिथे आता काय आहे? सगळं डांबर.” “सोनाबाईंना सांगायला नको का? त्यांच्या डबक्यातलं होतं ते.” रविवारी मी गाडी काढली.

सोनाबाई ओसरीवर नागलीचे पीठ चाळत होत्या. बाईंनी इकडचे तिकडचे काही न बोलता सांगून टाकले, “सोनाबाई, तुम्ही दिलेले कंद आमच्याकडून कुजले. एकही राहिला नाही.” ‘आमच्याकडून’ हा शब्द मी ऐकला. सोनाबाईंनी चाळण खाली ठेवली आणि क्षणभरही विचार न करता म्हणाल्या, “उन्हाळ्यात पानी ठेवलं आसंल.”

मी खाली बघत राहिलो.

“त्याला निजू द्यावं लागतं, बाय. भिजवलं का सडतं. आमच्या लेकरान्ला बी म्हाईत हाय.” मग त्या हसल्या. “रस्त्याचं मशीन आलं ना, तवा मी टोपलीभर काढून आनले व्हते.”

“टोपलीभर?” बाई काठी टेकून अर्धवट उठल्या. “मग? कुठे आहेत?”

“खाल्ले.”

बाई पुन्हा खाली बसल्या. सोनाबाई आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांना आमचे दुःख कळेना. “उकडून मीठ लावून लय ग्वाड लागतात. दरसाल खायचो आमी थोडे. ते डबकं बुजलं म्हनून सगळेच काढले.” आणि पीठ चाळता चाळता पुढे, “बारके व्हते ते नाय खाल्ले. ते खाचराच्या कोपऱ्यात टाकले, मोठे व्हायला.”

भातखाचराच्या त्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी होते आणि पाण्यावर दहा-बारा पाने तरंगत होती. मला ओरडावेसे वाटले. बाईंनी मात्र चेहरा कोरा ठेवला. “पानांवरून सांगता येत नाही. याच्यासारखी पानं असणारे दुसरेही आहेत. फूल येऊ द्या.” इतक्या वर्षांत त्यांच्या कडकपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मीच जाणतो. एकदा जाऊन आलो, तर नुसत्या कळ्या. भाद्रपदात सोनाबाईंच्या लेकाचा फोन आला, “तुरं आलं.” आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. बांध निसरडा होता आणि बाईंना खाली उतरणे शक्य नव्हते. त्यांनी बांधावर छत्री उघडली, मांडीवर टब नऊच्या जुन्या चित्रांची वही उघडली आणि भिंग माझ्या हातात दिले. “उतरा.”

मी पॅन्ट वर करून चिखलात उतरलो. “तोडू नका. आहे तिथेच वाका. तुऱ्याला फाटा आहे?” “नाही, एकच.” “कळीवरची टोपी गळलीय की तशीच आहे?” “गळलीय.” “पाकळ्या?” “दोन.” “पुंकेसर?” मी दोन वेळा मोजले. “सहा.” “टोकाचा रंग?” “निळसर जांभळा.” “पानाची कड?” असे पंधरा-वीस प्रश्न झाले. मी एकेक उत्तर देत होतो आणि बाई वहीतल्या चित्रावर पेन्सिलीने बारीक खूण करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. शेवटी त्यांनी वही मिटली. मला वाटले, आता त्या तुरा वर मागतील, स्वतः भिंग लावतील. त्या म्हणाल्या, “मग? तुम्ही सांगा.”

मी आणखी एकदा वाकून पाहिले. “तेच आहे, बाई. नऊ नंबरमधलंच आहे.”

बाईंनी पिशवीतून कोरे कार्ड काढले. कुठून: सोनाबाईंचे खाचर. कधी: त्या दिवसाची तारीख. तिसऱ्या ओळीत रोपाच्या नावाच्या जागी पूर्वीसारखेच प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे, ‘टब ९ मधलेच. ओळखले: द. पाळदे.’ मी म्हणालो, “बाई, तुम्ही तर पाहिलंच नाही.” त्या म्हणाल्या, “माझे डोळे चांगले आहेत अजून. पाहायचं असतं तर पाहिलं असतं.” मला पुढचे काही दिसेनासे झाले. सोनाबाई वरून ओरडल्या, “चिखलात रडू नगं भाऊ, पाय रुततील.”

आज ते रोप चार ठिकाणी आहे: सोनाबाईंच्या खाचरात, कॉलेजात, बाईंच्या गच्चीवर आणि सातपूरला माझ्या घराच्या मागे. सगळ्या कार्डांवर आता चौथी ओळ असते, तिचे शीर्षक ‘का’. होळी झाली की पाणी बंद, कारण अमुक. रोपाचे नाव अजून लागलेले नाही. बाईंना घाई नाही. माझे पाइप त्यांनी काढू दिले नाहीत. झाकलेल्या चार टबांचे तेवढे फ्लोट मीच काढले, आणि ते काढताना त्या शेजारी बसून मला इतर गोष्टी सांगत राहिल्या, म्हणजे माझे लक्ष तिकडे जाऊ नये.

बाईंच्या ज्ञानाविषयी या ग्रंथात अधिकारी माणसे लिहितीलच. मी त्यांच्याकडून एवढे शिकलो, की ज्याच्या हातून बिघडले त्याच्याच हातात पुन्हा भिंग देता आले पाहिजे. मला अजून ते नीट जमत नाही. खात्यातली नवी मुले चुकली की माझा आवाज चढतो. मग सोनाबाईंचे खाचर आठवते आणि मी स्वर खाली आणतो.

यंदा बाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली. सत्काराची बोलणी सुरू झाली तेव्हा त्या गच्चीवर खाचरातल्या रोपाचे ताजे बी पेरत होत्या. इतकी वर्षे आम्ही कंदच वाढवले. बियांपासून हे रोप त्या पहिल्यांदाच करून पाहत आहेत. मी विचारले, “याला फूल कधी?” बाई म्हणाल्या, “सगळं नीट झालं तर तिसऱ्या पावसाळ्यात.” मी मनातल्या मनात पंचाहत्तरात तीन मिळवले. माझ्या चेहऱ्यावर ती बेरीज दिसली असावी. बाई हातातला चिखल पुसत म्हणाल्या, “तोवर माझा डावा गुडघाही करून घेते. यातली रोपं खाचरात लावू. या वेळी खाली मी उतरणार. तुम्ही बांधावर छत्री घेऊन बसायचं आणि प्रश्न विचारायचे.”

मी प्रश्न काढायला सुरुवात केली आहे. सध्या सव्वीस झालेत, अवघड आहेत. बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, दोन्ही गुडघे धड राहोत, आणि त्या तिसऱ्या पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी माझ्या सव्वीसही प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढेच माझे मागणे आहे. भिंग मी त्यांच्या हातात देईन आणि त्या सांगतील ते, स्वतः न पाहता, कार्डावर लिहीन.